तिसऱ्या प्लगची गैरहजेरी

सर्व नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतकांना कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या कुटुंबातील एका ज्येष्ठ सदस्येला गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अचानक थरथर सुटली. वय बावीस, रंग लाल (मूळचा), स्वभाव शांत. ही आमची पेट्रोल गाडी.

पळताना ती फार तक्रार करत नसे. उभी राहिली, की मात्र हिवताप भरल्यासारखी हलायची. इंजिन तीनदा फट म्हणायचं आणि चौथ्यांदा विचारात पडायचं. डॅशबोर्डवरचा गणपती नकारार्थी मान हलवायचा, आणि मग सगळंच बंद.

"अहो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर चांगली व्हती," सुनंदा म्हणाली. "दसऱ्याला काय केलं तुमी तिला?"

"पूजा केली."

"अजून?"

"अजून काय करणार? पूजाच."

सुनंदाने जास्त चर्चा केली नाही (लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की चर्चा संपतात). तिने थेट भावाला फोन लावला. माझा हा मेव्हणा जनावरांचा व्यापारी. दर आठवड्याला टेम्पो घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला येतो.

"दादा, पुढच्या बाजाराला आलास की आमची गाडी वढून ने. भंगारात घाल, न्हाईतर तिच्यात कोंबड्या ठेव." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तवर नीट झाली तर ऱ्हाईल. न्हाई झाली तर जाईल."

याच गाडीतून मी आमची लेक दवाखान्यातून घरी आणली होती. पुढे ती लेक याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. आणि आता तिच्यात कोंबड्या? हाताशी सहा दिवस होते.

पहिल्या दिवशी शेजारचे तात्या आले. एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि इतका वेळ तसेच राहिले, की मला वाटलं झोपले.

"पेट्रोलमधी पाणी हाय," ते म्हणाले.

अख्खी टाकी रिकामी केली. पाण्याचा थेंब नव्हता.

"मग आसंल दुसरं काय तरी," असं निदान करून तात्या चहा पिऊन गेले.

पुढचे दोन दिवस मी मोबाईलवर व्हिडिओ बघून उपचार केले. एका गृहस्थांच्या सांगण्यावरून एअर फिल्टर बदलला, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून बॅटरी. थरथर होती तशीच राहिली. फरक एवढाच, की आता ती नव्या बॅटरीवर होत होती.

चौथ्या दिवशी जुन्नरला भाजी आणायला गेलो. उभी राहिली की गाडी बंद पडते, तेव्हा तिला उभीच करायची नाही, असा शास्त्रीय उपाय मी काढला. सुनंदा पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी, आणि मी तिच्याभोवती फेऱ्या मारतोय. पहिल्या फेरीला कांदे आत आले. दुसरीला मेथी. तिसरीला सुनंदा स्वतः आत येणार, एवढ्यात समोर म्हैस आली. ब्रेक. फट, फट, फट... आणि शांतता.

"सर, ढकलू का?" माझे चार जुने विद्यार्थी धावत आले. "तुमी बसा आत. वहिनींनाबी बसवा."

वहिनी मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसल्या आणि धक्क्याने गाडी सुरू झाल्यावर घरी, नारायणगावपर्यंत, एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा म्हैस बरी होती.

पाचव्या दिवशी गाडी वारूळवाडीच्या यशवंता मिस्त्रीकडे नेली. सुनंदाही आली (साक्षीदार म्हणून). इंजिन बंद पडू नये म्हणून मिस्त्रीने हाताखालच्या पोराला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं, बॉनेट उघडलं आणि हातात पक्कड घेतली.

"सर, हितं ठिणगी पाडणारे चार प्लग, म्हंजी चार कामगार हायेत. हजेरी घिऊ."

त्याने पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन कण्हलं. "ह्यो काम करतो." वायर परत लावली. दुसरी उपसली. इंजिन आणखी जोरात कण्हलं. "ह्योबी करतो." तिसरी उपसली. काही नाही. थरथर पहिल्यासारखीच.

"ह्यो बघा. काढला काय अन् ठेवला काय, आवाजात फरक न्हाई. ह्योच कामचुकार."

गाडी बंद करून त्याने त्या तिसऱ्या प्लगच्या भोकात कापड घातलं. बाहेर आला एक चिकट, तांबूस रस, पाच-सहा मेलेल्या मुंग्या आणि कुंकू लावलेला तांदळाचा एक दाणा. मिस्त्रीने कापड हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"सर, नारळाचा वास येतोय."

आता कबूल करणं भाग होतं. लोक दसऱ्याला चाकापुढे नारळ फोडतात. माझं म्हणणं, गाडीचं काळीज वर असताना टायरला कशाला नैवेद्य? म्हणून मी बॉनेट उघडलं, अक्षता टाकल्या आणि अख्ख्या नारळाचं पाणी इंजिनावर ओतलं. डोळे मिटून, मनोभावे.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "सर, तुमी शाळंत काय शिकवता?"

"विज्ञान," मी म्हणालो. (कोणत्या द्रवातून वीज वाहते, हा धडा आठवीला मीच घेतो.)

त्याने सगळं पुसून वाळवलं, प्लग बदलला, वायर बदलली आणि चावी फिरवली. गाडी इतकी शांत चालली, की मला वाटलं सुरूच झाली नाही. गणपती स्थिर बसला होता. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आला की मला शिकवायची हुक्की येते.

"बघ सुनंदा, किती सोपी परीक्षा. ज्याला काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो निकामी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेव्हणा विचारत होता, उद्या गाडी न्यायला यायचं ना? सुनंदा माझ्याकडे बघत, मिस्त्रीसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"ये की दादा. पण गाडी ऱ्हाऊ दे, यांनाच घिऊन जा. मागं चार दिवस शिबिराला गेले व्हते, तवा घरातल्या आवाजात काय फरक पडला न्हाई."