चिंतेच्या झाडाचा शेवट

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर चिंच साफ केली. वर्षाची चिंच. बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या पायरीवर कागद अंथरून बसलो होतो. मी चिंचोके काढत होतो आणि बायको मधेच हात थांबवून लिहिलेलं वाचून दाखवत होती. बोटं चिकट व्हायची म्हणून पानं उलटायच्या आधी पुसायला तिने ओला फडका गुडघ्याशी ठेवला होता.

साठी उलटल्यावर तिने कादंबरी लिहायला घेतली. मी चौथी शिकलेला माणूस. बेगम बाजारात चिंचेच्या ठोक दुकानात पोती उचलण्यात आणि तोलण्यात जन्म गेला. पुस्तक कधी हातात धरलं नाही, पण ही कादंबरी सगळी ऐकली. तिची एक रीत होती. ती वाचायची आणि माझ्याकडे कान ठेवायची. गोष्ट धरून ठेवत असली की मी गप्प असायचो. कंटाळा आला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "बरं बरं." लगेच ती तिथे पेन्सिलीची खूण करायची.

"तुमचं बरं बरं आलं म्हणजे इथं दुधात पाणी पडलंय," म्हणायची. दुसऱ्या दिवशी तेवढं कापलेलं असायचं.

एकदा तिच्या माहेरचं, उदगीरकडचं अख्खं प्रकरण गेलं. मलाच वाईट वाटलं. म्हणालो, "अगं, एवढं चांगलं लिहिलं होतंस."

"चांगलं होतं. पण ते माझं होतं, झाडाचं नव्हतं."

झाड म्हणजे आमच्या दारासमोरचं चिंचेचं झाड. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा शेजारच्या तेलुगू बाईंनी तिला बोट दाखवून सांगितलं, "चिंत चेट्टु." तेलुगूत चिंत म्हणजे चिंच आणि चेट्टु म्हणजे झाड. हिने ऐकलं चिंतेचं झाड. तिला वाटलं, या गावची अशी पद्धतच असेल, ज्याला काळजी असेल त्याने या झाडाला सांगायची. मग भाजीला जाताना रोज खोडाला हात लावून काहीबाही पुटपुटायला लागली. नवरा रागीट आहे, सासू बोलते, माहेरचं पत्र नाही, सगळं. शेजारच्या बाईंनी दोन-चार वेळा बघितलं आणि माझ्या आईला येऊन सांगितलं, सून चिंचेपाशी रेंगाळते, डोहाळे लागलेत. आईने पेढे आणवले, वाटलेसुद्धा. तसलं काही नव्हतं. खरं कळल्यावर आई हिला म्हणाली, "पेढे परत मागायला तूच जा आता."

त्याच घोटाळ्यातून पुढे कादंबरी आली. एक झाड, गल्लीभरची माणसं आणि त्यांच्या काळज्या.

गेल्या वर्षी बिल्डिंगवाल्यांनी गाड्या लावायला जागा हवी म्हणून पुढे सिमेंट ओतून फरशी घातली. पार बुंध्याला भिडवली, बोटभर माती ठेवली नाही. झाड विरळ व्हायला लागलं. या चैत्रात सगळीकडच्या चिंचांना चिगुर फुटला. चिगुर म्हणजे कोवळा पाला, इथले लोक तो डाळीत घालतात. आमच्या झाडाला काही नाही.

त्या संध्याकाळी चिंच साफ करता करता मी विचारलं, "शेवट काय करणार?"

"झाडाचं काय होतंय ते बघू."

"कादंबरीच आहे ना? जगलं म्हणून लिहून टाक."

"आणि बाहेर लाकडं पडली तर? झाडासाठी काही करायचं नाही आणि कागदावर मात्र हिरवागार पाला काढायचा, हे मला जमायचं नाही. आधी ते सिमेंट फोडायला हवं. सेक्रेटरीशी माझं बोलून झालंय, आता तुम्ही बोला. तुमचं तोंड फटकळ आहे, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे."

मीठ लावून चिंच बरणीत दाबून भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि रिक्षा दारात येईपर्यंत संपलं. याच्यावर मी जास्त बोलणार नाही.

दिवसकार्य झालं. तारनाक्याला राहणारा मुलगा मला न्यायला आला. त्याला मराठी बोलता येतं, वाचताना अडखळतो. आईचे कागद चाळत म्हणाला, "बाबा, शेवटच नाही याला. मोबाइलला सांगितलं ना, तर दोन मिनिटांत लिहून देतो."

"मोबाइलने झाड बघितलंय का?"

"लाइट घ्या ना बाबा. मी आपलं बोललो."

तेवढ्यात खालून आवाज आले. बघतो तर सेक्रेटरी लाकूडतोड्याला घेऊन झाडाखाली उभा. मी तसाच चपला न घालता उतरलो. झाड गेलं तर तिचं पुस्तक लाकडाच्या ढिगावर संपणार होतं, आणि ते मला नको होतं.

सेक्रेटरी म्हणाला, "काका, सूख गया सो झाड है. किसी की गाडी पे गिरा तो?"

"सूखा नक्को बोलो, फरशी फोडने दो. गले तक सिमेंट भरे तो तुम बी सूखते."

मागे दोघंतिघं हसले, तो हसला नाही. गाडीची किल्ली काढून त्याने साल खरवडली. तपकिरी निघालं. आणखी आत खरवडलं तर ओलं, हिरवं दिसलं. तो बघत राहिला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "हमारी अम्मा चिगुर की दाल बनाती थी. कित्ते बरस हो गए खाके."

कधी गप्प बसायचं एवढं मला बायकोने शिकवलं होतं.

"बारिश खतम होने तक देखते," तो म्हणाला. "नई फूटा तो काटना पडता. और फरशी फोडे सो मलबा तुम उठाना."

"उठातूं."

लाकूडतोड्याला त्याने परत पाठवलं. जाता जाता वळून म्हणाला, "आंटी रोज लडते थे मेरे से. अब गल्ली चुपचाप लगती."

वर येऊन मुलाला सांगितलं, मी तारनाक्याला येत नाही, निदान पाऊस संपेपर्यंत नाही. आणि कागदांना खोटा शेवट जोडायचा नाही. झाडाचं काय ते ठरू दे, मग खाली एक ओळ मी सांगेन, ती तू लिही. एका ओळीपुरतं मराठी येतं ना तुला? तो म्हणाला, "येतं हो बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन खाली गेलो. बुंध्याजवळच्या गाड्या आधीच कुणीतरी हलवून ठेवल्या होत्या. पहिले घाव नुसते घसरले. हात झिणझिणले. मग एक फरशी तडकली, तिच्या कडेला पहार घालून उचकटली, आणि खालून माती दिसली, भाजलेल्या विटेसारखी. मुळं वरच्या थरातच अडकली होती. त्यांना लागू नये म्हणून पुढचं सिमेंट छिन्नीने थोडं थोडं काढलं. ऊन चढेपर्यंत बुंध्याभोवती वेडंवाकडं आळं झालं. बादलीभर पाणी ओतलं. बराच वेळ ते वरच साचून राहिलं. मला वाटलं, झालं, मातीला पाणी प्यायचं ठाऊकच राहिलं नाही. मी मलबा पाट्यांत भरत राहिलो. मागे वळून बघितलं तर पाणी निम्मं उतरलं होतं, आणि कडेने बारीक बुडबुडे येत होते. सगळं जिरेपर्यंत उभा राहिलो. मग दुसरी बादली आणायला गेलो.