बेडकांचं पान

गुलमंडीत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. नाव मी कधी विचारलं नाही. कागद काचेवर ठेवण्याआधी तो हलकेच फुंकर मारतो आणि तेवढ्यात अर्धं पान वाचून घेतो. आधी मला याचा रागच यायचा.

आम्ही काही शेजारी दर रविवारी आमच्या नाल्याचं पाणी तपासतो. तपासणीची औषधं संपत आली, की मी मदतीसाठी कंपन्यांकडे अर्ज करते. मागच्या खेपेला अर्ज वाचून तो म्हणाला, "ताई, लई भारी लिहिलंय. जनजागृती, लोकसहभाग, समदं हाय. पण नाला कसाय, ते कुठंय?"

माझ्या पिशवीत आमची रविवारच्या तपासणीची नोंदवही होती, ती मी पुढे केली. ती त्यानं सावकाश चाळली. एका पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आज बेडूक ओरडले.' अक्षर पुसट होतं, म्हणून त्यानं प्रत गडद काढली आणि अर्जाच्या सगळ्यात वर लावून पिन मारली.

त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. आजवर इतक्या ठिकाणी अर्ज केले, पण नाल्याची चौकशी कुणी केली नाही. हा मात्र मी दुकानात गेले, की कागदावर फुंकर मारत विचारतो, "बेडकं हायत ना अजून?"