दुभाष्याचा चेहरा

ओसाकात मुलाबरोबर बेसबॉलचा सामना बघत होते. अमेरिकेहून आलेल्या गोलंदाजाला बेदम चोप बसत होता. शेवटी प्रशिक्षक मैदानात गेला, मागोमाग एक बारकासा माणूस धावला.

"आई, तो दुभाषा," मुलगा म्हणाला.

प्रशिक्षक जपानीत बराच वेळ बोलला, पण तो धिप्पाड गोलंदाज बघत होता दुभाष्याच्या चेहऱ्याकडे. परक्या मुलखात आपली बातमी आधी दुसऱ्याच्याच चेहऱ्यावर उमटते. दुभाषा जेमतेम दोन शब्द बोलला. गोलंदाजाने मान हलवली, प्रशिक्षकाच्या हातात चेंडू देऊन टाकला आणि मैदानाबाहेर गेला.

काल इथल्या इस्पितळात ह्यांचे रिपोर्ट बघून डॉक्टरही असेच जपानीत खूप वेळ बोलले.

"बाबांना आराम सांगितलाय," मुलगा एवढंच म्हणाला.

मीही मान हलवली. विचारलं असतं, तर त्याला सांगावं लागलं असतं.