मूठभर कापसाचा पंचनामा

दर्यापूरचे खुशालराव पाटील पोलीस शिपायाला देव मानायचे. लहानपणी त्यांच्या घरावर दरोडा पडला, बाप डोळ्यांदेखत मारला गेला. तेव्हापासून बंदूकवाला शिपाई दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. यात हसण्यासारखं काही नाही.

१८६४ साली कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागली आणि पहाऱ्याला शिपाई आले. एके दुपारी सूर्यभान नावाच्या गाडीवानाने तो हाकत असलेल्या दलालाच्या भरल्या गाडीतून मूठभर कापूस ओढला. शिपायाने दरडावलं, हा गोंधळून पळाला, शिपायाने गोळी घातली. जागीच गेला बिचारा.

पंचनाम्याला खुशालराव पंच होते आणि लिहिणारा मी, ठाण्याचा कारकून. बाजारात दोन तट पडले होते. दलाल म्हणत, चोराला असंच हवं. गाडीवान म्हणत, हा खून आहे. जो तो आपापल्या घरातून आणलेलं मतच बोलत होता. प्रेताची बोटं वंगणाने काळी होती. ती मी पाहिली, पण लिहिली नाहीत. मला नोकरी टिकवायची होती. पाटलांनी ‘चोरी करून पळताना’ या शब्दांखाली सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली.

आठवड्याने सूर्यभानची बायको मनकर्णाबाई पाटलांच्या ओसरीवर आली. लेकीची सोयरीक हिवरखेडला ठरली होती, आता ते लोक चोराची पोर नको म्हणत होते. ती रडली नाही. म्हणाली, “पाटील, गाडीचा आस करकरला का तेलाचा बोळा लावाले मूठभर कापूस घेतेच गाडीवान. तुमचा गाडीवान बी घेते. त्याले तुमी चोर म्हनता काय?”

 दरवर्षी पाटील स्वतःच्या हाताने गाडीवानाला कापूस काढून देत. बंदूक दिसली आणि एवढी साधी गोष्ट त्यांना आठवली नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पंचनामा बदलून घ्यायला ते अमरावतीला गेले. तिथले पोलीससाहेब म्हणाले, कागद वर गेला, आता बदल नाही. मग मला घेऊन ते हिवरखेडला गेले. नवऱ्या मुलाच्या बापापुढे पागोटं ठेवून सांगितलं, सूर्यभान चोर नव्हता, चूक माझी.

त्या भल्या माणसाने पागोटं उचलून त्यांच्या हातात दिलं. म्हणाला, “तुमाले त्या बाईची दया आली, कळते आमाले. पन पाटील, खोट्या कागदावर निशानी करनारे मानूस तुमी नाई.”

पाटलांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही.