पलीकडच्या चर्चची भिंत

ईशान्येकडच्या एका डोंगरी पोस्टवर आमची पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो आणि दत्तूही हवालदार. दोघं मैसूरचे, एकाच गल्लीतले, दोघांच्याही घरी शिवणकाम. हवामानाचा कोर्स करून मी नोंदींचं काम मिळवलं होतं. दत्तूनं कसलाही कोर्स केला नव्हता. त्याला देवानं डोळे दिले होते आणि कॅप्टनसाहेबांचा सगळा विश्वास त्या डोळ्यांवर. मला त्याचा हेवा वाटायचा. आजही वाटतो.

हेलिकॉप्टर मागवायचं तर किती लांबचं दिसतंय ते आधी कळवावं लागे. त्यासाठी आमच्या तीन खुणा ठरलेल्या होत्या. जवळचं पाइनचं झाड, मधला पांढरा खडक आणि पलीकडच्या डोंगरावरच्या चर्चची भिंत. भिंत दिसली तरच हेलिकॉप्टर येई. माझ्याकडे शिवाय दोन थर्मामीटर होते, त्यातल्या एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळलेली. ती मलमल दत्तूची थोरली बहीण, सुमित्राक्का, मैसूरच्या दुकानातून पाठवायची. पार्सलमध्ये दत्तूला रव्याचे लाडू, मला चिंधी!

हवा कोरडी असली की मलमलवाल्या थर्मामीटरचा पारा बराच खाली राहतो. दोन्ही पारे जवळ आले की हवेत ओल भरली समजायचं. त्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाला रान जाळून शेत करतात. कोरड्या हवेत त्या धुराचे कण बारीक असतात, आरपार दिसतं. ओल आली की ते भिजल्या साबुदाण्यासारखे फुगतात. धूर तेवढाच राहतो, पण डोंगर दिसेनासा होतो.

अशाच एका सकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मेडिकलवाला म्हणाला, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन हवं. एक तर हेलिकॉप्टर, नाही तर कड्याच्या पायवाटेनं स्ट्रेचर. मी खाटेवरूनच पारे वाचून घेतले. दोन्ही जवळजवळ टेकले होते आणि वारा दक्षिणेचा, ओला होता.

"सर, तासाभरात समोरचं सगळं दिसेनासं होईल. मला आत्ताच खाली न्या."

कॅप्टनसाहेबांनी दत्तूकडे पाहिलं. "भिंत?"

"दिसते, सर. क्लिअर."

"दत्त्या, तुला दिसत नाही रे. रोज बघून ती तुझ्या डोळ्यात बसलीय."

"सुम्ने पड कणो, गप्प!" तो डाफरला. "दिसते म्हटलं ना!"

साहेबांनी हेलिकॉप्टर मागवलं. दुपारी आवाज आला, डोक्यावर घिरट्या घालू लागला. मग रेडिओ खरखरला. "व्हिजिबिलिटी नाही. परत जातोय. ओव्हर."

माझं खरं ठरलं होतं. त्या वेदनेतही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

स्ट्रेचर उचललं तेव्हा पुढचा दांडा दत्तूनं मागून घेतला. "चूक माझी. मीच नेणार." कड्याच्या वळणावर पुढचं पाऊल दिसत नव्हतं. त्याच्या पायाखालची वाट सुटली. पडता पडता त्यानं स्ट्रेचर डोंगराच्या अंगाला ढकललं. मी दगडांवर आपटलो आणि वाचलो. तो दरीत गेला.

आता मी मैसूरलाच, बोगादीत राहतो. दरवर्षी आमच्या मराठी मंडळींच्या हॉलमध्ये दत्तूच्या फोटोला हार घालतात आणि मला बोलायला उभं करतात. बटालियनमध्ये तसे डोळे कुणाचे नव्हते, एवढंच मी सांगतो. पाऱ्यांचा विषय कधी काढत नाही. माझे गुडघे गेले, केस गेले. तो फोटोत तसाच, मिशीला पीळ देऊन. बघून जळतो मी.

यंदा कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सुमित्राक्का आमच्या गच्चीवर आली. वय झालंय, तिला आता लांबचं दिसत नाही. रात्री पाऊस होऊन गेला होता, हवा दमट होती, रिंग रोडचा धूर खाली बसला होता.

"काय रे, चामुंडीचा डोंगर दिसतो का? आमचा दत्तू असता तर इथूनच देऊळ दाखवत होता बघ."

मी पाहिलं. समोर नुसतं पांढरं होतं.

"दिसतो, अक्का," मी म्हणालो. "क्लिअर."