गोष्ट सांगणारा

काकांच्या पंचाहत्तरीच्या पंगतीत ते पुन्हा तीच गोष्ट सांगत होते. "दादा गेला आणि वहिनी तडकाफडकी माहेरी निघून गेल्या. आम्ही किती विनवलं!" सांगताना त्यांचा हात माशी हाकलावी तसा हवेत फिरला. मी त्या हाताकडे बघत राहिले. बाबांच्या तेराव्यानंतर याच हाताने त्यांनी आईची ट्रंक अंगणात फेकली होती. लहानशी मी तेव्हा दाराशी उभी होते.

कॉलेजात मी कथा शिकवते. कथानक, पात्रं, संघर्ष मुलांना चटकन समजतात. निवेदक मात्र समजावून सांगावा लागतो. घटना तीच असते, पण खलनायक कोण हे सांगणारा ठरवतो. आमच्या घरात इतकी वर्षं खलनायक आई ठरली होती.

"काका, खरं काय घडलं ते मी सांगते," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं, सावकाश, एकेका वाक्याची चव घेत. काकांचा घास हातातच राहिला. त्यांची नातवंडं त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मला जराही दया आली नाही.

शेजारी बसलेली आई आता "पुरे गं" म्हणेल, असं वाटलं. तिने पेला खाली ठेवला.

"तू जेव आता," ती म्हणाली, "उरलेलं मी सांगते."