घर नंबर त्रेपन्न

विष्णुपंतांनी लिहिलेला अर्ज परत येत नाही, असं कसब्यात म्हणत. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत आणि गावातल्या शंभरातल्या नव्वद माणसांची जीभ मराठी. त्यामुळे जन्म असो, मरण असो, वाटणी असो की विहीर, माणूस आधी पंतांच्या ओट्यावर यायचा. पंत मूळचे डोंगरकड्याचे. तिथल्या मौलवीसाहेबांनी सहा वर्षं पाटीवर अक्षर घोटून घेतलं, तेव्हा कुठं त्यांच्या हाताला ते वळण आलं होतं. कचेरीतले साहेब नुसती ओळ पाहून म्हणत, "हा पंतांचा कागद." पंतांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

पन्नाशी जवळ आली तसा त्यांना कागद लांब धरावा लागू लागला. घरी पार्वतीबाईंना ते म्हणायचे, "हल्ली शाईच पातळ येते." पार्वतीबाईंनी दोनदा सुचवलं, नांदेडला जाऊन चष्मा करून घ्या. पंत उसळले. "चष्मेवाला अर्जनवीस म्हणजे लंगडा हरकारा. कोण येईल माझ्याकडं?" आणि पंत अंदाजानं लिहू लागले. सवयीचे शब्द होते, हात आपोआप चालायचा. वर्ष दीड वर्ष निभावलं.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात नर्मदाबाई ओट्यावर आली. नर्मदाबाई सुईण. चाळिशीची, सडसडीत, बोलायला फटकळ. नवरा मागंच वारलेला, लेक सासरी दिलेली. घरात ती आणि एक शेळी. पण गावातलं एकही घर तिला परकं नव्हतं. मोमीनवाड्यात काय आणि ब्राह्मणगल्लीत काय, पोट दुखू लागलं की पहिला निरोप तिच्याकडं जायचा. पंतांची धाकटी मुलगी पायाळू, ती हिच्याच हातांनी सुखरूप आली होती.

"पंत, माझं माळवद गेलं बगा," ती बसता बसता म्हणाली. "तुळईला वाळवी लागली. वरून माती झडून राहिली, भाकरीत खडे येऊन राहिले. पत्रे टाकावं म्हणते."

"मग टाका की."

"आसं कसं टाकू? लढाईपासून पत्र्यावर कंट्रोल हाय न्हवं? इजाजत दाखवल्याबिगर दुकानदार पत्र्याला हात लावू देत न्हाई. आन् इजाजत न्हाई तर जुनं माळवद उतरवताबी येत न्हाई म्हणं."

ते खरं होतं. छत बदलायचं तर कचेरीचा इजाजतनामा लागे. अर्ज द्यायचा, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, मग साहेबांची सही. पंत म्हणाले, "मी स्वतः येऊन घर बघतो. कागद असा करतो की साहेबाला विचारायला जागा राहणार नाही."

आणि ते गेले. तुळई पाहिली, बोटानं टोकरली तर भुसा पडला. दाराच्या चौकटीवर कचेरीनं ठोकलेली टिनाची पट्टी होती, गंजलेली, त्यावर उर्दू आकड्यांत घरनंबर. उर्दूत दोनच्या आकड्याला एक दात असतो आणि तीनच्या आकड्याला दोन. पंतांनी मान वर करून डोळे बारीक केले. एक दात दिसला. बावन्न. शेजारी कोणाला विचारावं असं क्षणभर वाटलं. पण ज्यानं सगळ्या गावाला वाचून दाखवायचं, त्यानं आकडा विचारायचा? त्यांनी बावन्न टिपून घेतलं आणि संध्याकाळच्या आत झकास अर्ज लिहून कचेरीत दिला.

वैशाख गेला. नर्मदाबाई येता जाता विचारायची, "काय झालं वो पंत?" पंत म्हणायचे, "कचेरीचं काम आहे, बाई. दम धरा." ज्येष्ठ सरत आला तेव्हा कचेरीतला कारकून चाँद पाशा स्वतःच रस्ता ओलांडून ओट्याशी आला. पाशा साधा माणूस. बोलणं हळू, काम चोख.

"पंत, वो नर्मदाबाईचा कागद," तो म्हणाला. "बावन्न नंबर त्यांच्या नावावर न्हाई. बावन्न म्हणजे ते दोघा भावांचं, भांडणातलं, कुलूप लावलेलं घर. मालकीचा दाखला आणा म्हणून नोटीस काढली, बावन्नच्या दाराला चिकटवली. महिना झाला. बाई काहून आल्या न्हाईत?"

पंतांनी अर्ज हातात घेतला आणि उन्हात धरला. स्वतःचंच अक्षर. पाचाच्या शेजारी दोन. नर्मदाबाईची पट्टी आठवून पाहिली. ते बावन्न नव्हतंच. बावन्न म्हणजे तिच्या शेजारचं कुलूपबंद घर; ते कुलूप तर ते रोज पाहत होते.

"बघतो मी. विचारतो तिला," ते म्हणाले.

"नवा अर्ज द्या. पंधरा दिवसांत करून टाकतो," म्हणून पाशा गेला.

एवढंच होतं. नर्मदाबाईला सांगायचं, चूक झाली, नवा अर्ज देतो. त्याच संध्याकाळी ती आली, डोक्यावर गवताचा भारा. "पंत, आभाळ भरून येऊन राहिलं. कुठं अडलं सांगा तरी."

पंतांनी बोरू उचलला, खाली ठेवला. शेजारी सेनगावकडची दोन माणसं अर्ज लिहून घ्यायला बसली होती, ऐकत होती.

"कारकुनानं अडवलाय," पंतांच्या तोंडून गेलं. "पण तुम्ही काळजी करू नका. मी दुसरा देतो, बघतो कसा अडवतो ते."

"चाँद पाशानं?" नर्मदाबाईनं भारा खाली टाकला. "त्याच्या तिन्ही लेकरांची नाळ म्या कापली! त्याची बायको खुर्शीदबी तिसऱ्या खेपेला जात व्हती, दोन दिवस उशाशी बसून व्हते मी. आन् त्यानं माझा कागद अडवला?"

"जाऊ द्या, बाई."

"न्हाई जाऊ देत," ती म्हणाली. आणि ऐकत बसलेल्या त्या दोघांकडं पाहून पुन्हा म्हणाली, "बगा, लोकं कशी असत्यात."

दुसऱ्या दिवशी पंतांनी पार्वतीबाईंना न सांगता शाळेच्या मास्तरांना त्या घरावरून नेलं आणि नंबर वाचून घेतला. त्रेपन्न. नवा अर्ज दिला. पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

आषाढात झड लागली. आठ दिवस पाऊस ना थांबला ना जोरात आला. नुसता झिरपत राहिला. माळवदाची माती पाणी पिऊन जड झाली. नव्या अर्जाच्या बाराव्या दिवशी, दुपारी, नर्मदाबाई गळतीखाली ठेवलेलं पातेलं रितं करायला आत गेली आणि तुळई मधोमध मोडली. शेजाऱ्यांनी माती उपसून तिला काढलं तेव्हा ती शुद्धीत होती. म्हणत होती, "शेळी बगा, शेळी बगा." शेळीला काही झालं नव्हतं. नर्मदाबाईचा उजवा हात कोपरापाशी दोन ठिकाणी मोडला होता. हाडवैद्यानं बांधला, चाळीस दिवसांनी सोडला. हाड जुळलं, पण मूठ वळेना.

इजाजतनामा सही होऊन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. चाँद पाशानं तो घाई करून एक दिवस आधी काढून घेतला होता, हे पंतांना नंतर कळलं.

मूठ न वळणाऱ्या सुइणीला कोण बोलावणार? एक दोन बाळंतपणांना ती गेली. डाव्या हातानं जमेना. मग वारंग्याहून दुसरी बाई येऊ लागली. नर्मदाबाई दुसऱ्यांच्या घरची दळणं निवडू लागली.

पंतांनी जे जे करता येईल ते केलं. पत्रे आणवले, सुतार लावला, उभं राहून छत घालून घेतलं. पार्वतीबाई सणावाराला ताट पाठवत. नर्मदाबाई ते डाव्या हातानं घेई आणि दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणे, "पंतांसारखा मानूस न्हाई. त्यांनी माझ्यापायी कचेरीशी भांडण घेतलं." पंत त्या गल्लीनं जायचे बंद झाले. नांदेडला जाऊन त्यांनी चष्माही करून आणला. पार्वतीबाईंनी विचारलं, आता कसा काय सुचला? पंत म्हणाले, "शाई खरंच पातळ येते." त्या हसल्या. पंतांना हसू आलं नाही.

आणि चाँद पाशा? नर्मदाबाई त्याला पाहिलं की तोंड फिरवी, कधी रस्त्यावर थुंके. एकदा तो ओट्याशी येऊन उभा राहिला.

"पंत, बाई मला काहून असं करतात? मी काय केलं?"

पंत बोरू तासत होते. तासत राहिले. "दुखणेकरी माणूस आहे," ते म्हणाले. "मनावर घेऊ नका."

पाशानं मान हलवली आणि गेला. बोरू तासून तासून चिमटीत धरवेनासा झाला होता.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौज आली आणि राज्य बदललं. कसब्यात काही दिवस दारं बंद राहिली, मग उघडली. कचेरीवर नवे साहेब आले, जुन्या नोकरांची चौकशी निघाली, आणि ज्याला जे सलत होतं ते त्यानं लिहून द्यावं असं दवंडीनं सांगितलं. हरिचंद नावाचा एक तरुण व्यापारी, मोठा उत्साही, लोकांकडून तक्रारी गोळा करू लागला. चाँद पाशाला घरी बसवलं होतं. तो लाच घेत नसे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्याच्या नावावर एकच तक्रार निघाली. नर्मदाबाईचा हात.

हरिचंद तिला घेऊन भर सकाळी ओट्यावर आला. "पंत, आता मराठीत लिहायचं बरं का. आपली भाषा आली. आणि ही तक्रार तुमच्याच हातची पाहिजे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

नर्मदाबाई समोर बसली. उजवा हात मांडीवर, पालथा. पंतांनी कोरा कागद घेतला, चष्मा लावला. मराठीत अर्ज लिहायची सवय नव्हती. पहिली ओळ वाकडी गेली. नर्मदाबाईचं नाव लिहिलं. राहणार कसबा, घर नंबर. पाच लिहिला. तीन लिहिला. मग कारकून चाँद पाशा यांनी, एवढं लिहिलं, आणि हात थांबला.

"लिहा," हरिचंद म्हणाला. "यांनी जाणूनबुजून."

"मला पाणी द्या," पंत म्हणाले. कोणीतरी तांब्या आणला. ते प्याले नाहीत.

"नर्मदाबाई, पाशानं तुमचा कागद अडवला नव्हता," ते म्हणाले. "मी घरनंबर चुकीचा लिहिला होता. मला पट्टी वाचता आली नाही. पाशानं मला येऊन सांगितलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो."

हरिचंद काहीतरी बोलू लागला. नर्मदाबाईनं डावा हात वर करून त्याला गप्प केलं. पंतांना वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कवा सांगितलं त्यानं तुमाला?"

"ज्येष्ठाच्या शेवटी."

"तवाच सांगितलं असतं तर मी घर सोडून शेजारी राहिले असते," ती म्हणाली. "इजाजत आज येईल, उद्या येईल म्हणून बसून राहिले. पंत भांडून राहिले म्हणून बसून राहिले." मग, "दोन वरसं त्या मानसावर थुंकले मी."

ती उठली. डाव्या हातानं पदर सावरायला वेळ लागला. पंत मदतीला उठणार होते, पण बसून राहिले. ती सरळ मोमीनवाड्याच्या वाटेला लागली. पंतांनी लांबून पाहिलं: पाशाच्या दारात खुर्शीदबी आली, दोघी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आणि मग खुर्शीदबीनं तिचा तो वाकडा हात धरून आत नेलं.

पंतांनी त्याच कागदावर, पाशाचं नाव खोडून, स्वतःचं लिहिलं. घडलं ते सगळं लिहिलं आणि नव्या साहेबांपुढं उभं राहून वाचून दाखवलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्जनवीसाच्या चुकीला कायदा नाही," ते म्हणाले. "जा." पंतांना शिक्षा हवी होती, ती कोणी दिली नाही.

पाशाला नोकरी परत मिळाली, पण सेनगावला बदलीवर. निघायच्या दिवशी सामानाची गाडी कचेरीपुढं थांबवून तो ओट्याशी आला.

"मला ठाऊक होतं, पंत," तो म्हणाला. "बाई रागावल्या तेव्हाच समजलं की तुमी काय सांगितलं असंल. मी सांगितलं असतं तर कोण मानलं असतं? तुमचा कागद परत येत न्हाई ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. "वाट पाहिली. दोन वर्षं म्हणजे लई झाली."

पंतांनी हात जोडले. पाशानं ते जोडलेले हात पाहिले, सलाम केला आणि गाडीमागं चालू लागला.

पार्वतीबाईंनी त्या दिवाळीत ताट पाठवलं. नर्मदाबाईनं ते घेतलं, रितं करून, घासून परत पाठवलं. सोबत निरोप नव्हता, शब्द नव्हता. पुढच्या आठवड्यात तिला मदतीच्या अर्जासाठी कोणीतरी लिहिणारा हवा होता. पंतांच्या ओट्यावरूनच ती गेली, पलीकडं शाळेत, मास्तरांकडं. पंत उभे राहिले होते. तिनं मान वळवली नाही.